शून्य साखरेची बाटली

सोजरबाईंच्या घरात बाटली फेकायची पद्धत नव्हती. काचेची असो की प्लास्टिकची, आतलं संपलं की ती धुऊन, पालथी घालून, वाळवून फडताळात जायची आणि पुढचं काम निघेपर्यंत तिथंच बसून राहायची. त्या लग्न होऊन दापोडीत आल्या तेव्हा रॉकेलला बाटली लागायची, गोडेतेलाला लागायची, आणि दवाखान्यात औषधाला जायचं तरी बाटली घरूनच न्यावी लागायची. कंपाउंडर खिडकीतून हात बाहेर काढून ती घ्यायचा, गुलाबी पाण्यासारखं औषध ओतायचा आणि बाटलीच्या अंगावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. "एक खाच सकाळी, एक संध्याकाळी. हलवून घ्या बाई." झालं. बाटली आधी कशाची होती हे कुणी विचारत नसे. औषध संपलं की पट्टी भिजवून काढायची, बाटली परत मोकळी. पुढं तिच्यात मध यायचा, नाहीतर फिनेल. कुठल्या बाटलीत काय आहे हे बाटली सांगत नव्हती, घरातली बाई सांगत होती. आणि बाईचं सहसा चुकत नव्हतं.

सोजरबाईंचे यजमान धोंडीबा पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. तातडीची ऑर्डर वेळेत निघाली की फोरमन सगळ्या खात्याला कँटीनमध्ये थंडगार कोल्ड्रिंक पाजायचा. काचेची बाटली, तिच्यावर घाम आलेला, आणि पहिल्या घोटाला नाकातून निघणारा गॅस. धोंडीबांना त्या बाटलीची जी गोडी लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. रोज संध्याकाळी हॅरिस पुलापर्यंत चालत जायचं, पुलाच्या कठड्याला हात लावायचा, परत फिरायचं आणि घरी येऊन एक ग्लास गार कोल्ड्रिंक घ्यायचं. पुढं शुगर निघाली. धोंडीबांनी चहातली साखर सोडली, गूळ सोडला, आंबा सोडला. पण तो एक ग्लास काही सुटेना. त्यावरून नवरा-बायकोचं रोज वाजायचं.

"विष हाय ते तुमाला," सोजरबाई म्हणायच्या.

"असू दे. तुझ्या हातचं कारलं खाऊन जगण्यापरीस बरं."

हे भांडण मिटवलं ते नातीनं. मैत्री ही त्यांच्या मुलाची, रविराजची, एकुलती एक पोरगी. शिकली आणि चाकणच्या एका कोल्ड्रिंकच्या कंपनीत लागली. 'झुळूक' नावाचं पेय ही कंपनी बनवायची. मैत्रीचं काम मात्र मशीनवर नव्हतं. लोकांनी बाटलीवरची माहिती वाचावी, आपल्या पोटात काय जातंय ते समजून घ्यावं आणि मग ठरवावं, यासाठी कंपनीनं एक खातंच काढलं होतं. मैत्री त्या खात्यात. सोसायट्यांमध्ये, कॉलेजात, कारखान्यांच्या गेटवर ती टेबल मांडायची. टेबलावर काचेच्या नळ्या ठेवायची आणि प्रत्येक पेयात जितकी साखर असते तितकी साखर त्या नळीत भरून दाखवायची. लोक नळ्या बघून तोंडावर हात ठेवायचे. मैत्रीला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

एका रविवारी तिनं त्या नळ्या घरी आणल्या आणि आजोबांच्या कॉटवर ओळीनं मांडल्या.

"आबा, ही तुमच्या रोजच्या ग्लासातली साखर."

धोंडीबांनी नळी उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"एवढी?"

"एवढी. आणि ही बघा." तिनं रिकामी नळी पुढं केली. "झुळूक शून्य. चव तीच, गॅस तोच, साखर नाही. सोडायचं नाही आबा, निवडायचं. पण वाचून."

मग तिनं त्यांना वाचायला शिकवलं. शंभर मिलीला साखर किती, एका ग्लासाला किती, माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या किती टक्के. धोंडीबांनी भिंग काढलं. आयुष्यभर आकडे बघून काम केलेला माणूस, त्याला हे फार आवडलं. "ड्रॉइंग बघितल्याबिगर मी कवा जॉब लावला न्हाई, सोजर," ते म्हणाले. "आन इतकी वर्सं हे आंधळ्यासारखं पीत होतो बघ."

त्या दिवसापासून घरात त्यांच्यासाठी फक्त झुळूक शून्यच्या छोट्या बाटल्या यायला लागल्या. प्यायच्या आधी ते दर वेळी भिंग लावून, मोठ्यानं वाचायचे, "साखर, शून्य." मैत्रीनं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. कंपनीला तो इतका आवडला की त्यांनी तो सगळीकडे फिरवला. पांढरा सदरा घातलेले धोंडीबा भिंगातून बाटली वाचतात, मान वर करून हसतात आणि म्हणतात, "वाचा, मग प्या." गल्लीतली पोरं त्यांना लांबून हाक मारायची, "काय तात्या, आज किती साखर?" आणि धोंडीबा पुलाकडे जाता जाता हात वर करून ओरडायचे, "शून्य, राव!"

सोजरबाईंनाही सुटल्यासारखं झालं होतं. रोजचं भांडण गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुगर बरी आहे, असंच चालू ठेवा.

मग मैत्रीचं लग्न ठरलं. मुलगा पिंपळे गुरवचा, घरची माणसं भली. साखरपुडा झाला आणि घरात पाहुण्यांची रीघ लागली. उन्हाळ्याचे दिवस. आलेल्या माणसाला 'जय भीम' घालून बसवलं की आधी पाणी आणि मागोमाग कोल्ड्रिंक. त्यासाठी दोन लिटरची साधी झुळूक आणायची. सून म्हणाली होती, "आत्या, सगळ्यांनाच शून्यवालं देऊ की." पण सोजरबाईंनी ते उडवून लावलं.

"अगं, शुभकार्याला आलेल्या माणसाला बिनसाखरेचं पाजतीस व्हय? तोंड गोड करायला बोलावलंय का शुगर तपासायला?"

प्रत्येक पाहुण्यामागं मोठ्या बाटलीत थोडं उरायचं. मोठी बाटली फ्रीजमध्ये राहत नव्हती, कारण दाराचा खालचा कप्पा कधीचा तुटलेला होता. आणि तशीच बाहेर ठेवली तर गॅस उडून नुसतं गोड पाणी व्हायचं. सोजरबाई काय करायच्या, ते उरलेलं छोट्या बाटल्यांत ओतून, झाकण घट्ट पिळून, फ्रीजमध्ये ठेवायच्या. छोट्या बाटल्या घरात ढिगानं होत्या. त्यांच्या नवऱ्याच्याच. धुतलेल्या, वाळवलेल्या, काचेसारख्या लख्ख.

आतल्या बाजूला ठेवलेल्या पाहुण्यांच्या, दाराच्या वरच्या कप्प्यातल्या यजमानांच्या. हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. तो कुणाला सांगायचीही गरज त्यांना वाटली नाही. रॉकेल आणि गोडेतेल जिनं अंधारातही कधी एक केलं नाही, तिनं असल्या गोष्टी काय सांगायच्या?

धोंडीबा पुलावरून घामाघूम होऊन यायचे. फ्रीज उघडायचे. दारातल्या बाटलीपेक्षा आतली जास्त गार असते हे कुठल्याही माणसाला कळतं. ते आतली काढायचे, भिंग लावायचे, वाचायचे, "साखर, शून्य," आणि ग्लास भरायचे. उन्हाळा वाढला तसा एकाचे दोन ग्लास झाले. शून्य किती वेळा घेतलं तरी शून्यच, असं ते हसून म्हणायचेही. आतल्या बाटल्या रिकाम्या होत होत्या ते सोजरबाईंनी बघितलं होतं. त्यांना वाटलं रविराज शिफ्टवरून येऊन पीत असेल.

साखरपुड्याला घेतलेला नवा बूट धोंडीबांच्या अंगठ्याला लागला. लागलेलं त्यांना कळलंच नाही. शुगरवाल्याच्या पायाला कळत नाही. कळलं ते सोजरबाईंना, मोजा धुताना त्याला वास आला तेव्हा. तोवर अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाबा, शुगर चारशेच्या वर आहे. काय खाताय तुम्ही?"

"काय न्हाई. भाकरी, भाजी. तुम्ही सांगितल्याली."

"गोड?"

"लग्नाचं घर हाय, पर मी लाडवाला हात लावल्याला न्हाई. विचारा हिला."

"कोल्ड्रिंक वगैरे?"

धोंडीबा हसले. त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. दारातली, दुकानातून आणलेली, सील असलेली. "घेतो. पर ही. नात त्याच कंपनीत हाय. वाचा तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं, परत केली. "यानं इतकी वाढत नाही. बाबा, कुठंतरी काहीतरी गोड जातंय. लपवू नका. पाय आहे हा."

घरी आल्यावर रविराजला राहवलं नाही. "आबा, खरं सांगा. पुलावर तो जिलेबीवाला बसतो..."

"मी जिलेबी खातो?"

"तसं नाही. पण माणसाला होतो मोह."

"मी खोटं बोलतो?" धोंडीबांचा आवाज चढला, मग एकदम बारीक झाला. "रव्या, मी खोटं बोलतो असं वाटतं तुला?"

मैत्रीनं सुट्टी काढली आणि घर शोधायला घेतलं. आजोबांच्या उशीखाली हात घातला, सदऱ्यांचे खिसे उलटे केले, औषधाच्या डब्यात बघितलं. धोंडीबा कॉटवर पाय वर करून भिंतीकडे तोंड फिरवून पडले होते. आपली झडती आपलीच नात घेतेय हे त्यांना दिसू नये म्हणून सोजरबाई मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनाही मनातून वाटत होतं, खातच असतील हे कुठंतरी. पुरुषाच्या जातीचा काय भरवसा?

शेवटी मैत्री फ्रीजकडे वळली. एकेक बाटली काढून ओट्यावर ठेवायला लागली. दारातल्या ठेवल्या. मग आतल्या काढल्या. "शून्य... शून्य... ही पण शून्यच. आजी, यात तर काहीच नाहीये गं."

सोजरबाई ओट्यापाशी आल्या. सगळ्या बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांच्या पोटावर तोच काळा कागद, तीच पांढरी अक्षरं. आतलं पेयही सगळ्यांत तितकंच काळं. आतल्या कुठल्या नि दारातल्या कुठल्या, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांना स्वतःलाही.

त्यांनी एक बाटली उचलली आणि परत खाली ठेवली.

"मैत्रे," त्या म्हणाल्या, "ह्यातल्या काही मी भरल्यात."

"म्हणजे?"

"पाहुण्यांचं उरल्यालं. मोठ्या बाटलीतलं. मी ह्यात वतून ठिवते."

मैत्रीनं एका बाटलीतलं एका ग्लासात ओतलं, दुसऱ्या बाटलीतलं दुसऱ्यात. आधी सोजरबाईंनी दोन्ही चाखून बघितलं. दोन्ही गोड. दुधात पाणी किती, गुळात भेसळ किती, हे जिभेवर ठेवल्याबरोबर सांगणारी त्यांची जीभ. त्या जिभेला आज काही म्हणजे काही सांगता येईना. त्यांनी ग्लास नातीकडे सरकवले. मैत्रीनं एक घोट याचा घेतला, एक त्याचा.

"ही साखरेची," ती म्हणाली. थांबली. परत घोट घेतला. "नाही... ही. आजी, मला पण कळत नाहीये."

आणि ती त्या ओट्याला टेकून, लहानपणी पडल्यावर रडायची तशी तोंड उघडं टाकून रडायला लागली. रडता रडता तिनं बाटली फिरवली आणि खालच्या अंगाला असलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बघ. लिहिलंय गं इथं. 'वापरानंतर बाटली चिरडून टाका.' सगळं लिहिलंय."

"चांगली बाटली?" सोजरबाईंच्या तोंडून निघून गेलं. "चांगली बाटली कशाला चिरडायची?"

धोंडीबांना सांगायचं काम सोजरबाईंनी स्वतःकडे घेतलं. कॉटच्या कडेला बसून त्यांनी सरळ सांगितलं, काही न लपवता. ते ऐकून धोंडीबा आपल्यावर ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. धोंडीबांनी भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडं वळवलं.

"म्हंजे मी खोटं बोलत न्हवतो," ते म्हणाले.

"न्हाई."

"रव्याला सांग."

"सांगते."

"मी वाचूनच पीत होतो."

"व्हय हो. वाचूनच पीत होता तुमी."

अंगठा काढला. पण तो काढून भागलं नाही. काळेपणा वर सरकत राहिला, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अर्धं पाऊल घ्यावं लागेल, उशीर केला तर पायच. सही रविराजनं केली. सोजरबाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांना राहून राहून तो खिडकीतला कंपाउंडर आठवत होता. गुलाबी औषध, खाचांची पट्टी. त्याच्या एका पट्टीवर दोन पोरांचे ताप उतरले होते. तेव्हा पट्टीवर एक अक्षरही नसायचं.

मैत्री तिच्या साहेबांकडे गेली. व्हिडिओ काढून टाका म्हणाली, बाटलीवर ते चिरडायचं मोठ्या अक्षरात लिहा म्हणाली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं, आजोबांची चौकशी केली. "मैत्री, आपण माहिती देतो," तो म्हणाला. "खरी माहिती देतो. घरात कोण कशात काय भरतं, तिथं आपण कसे पोचणार?" मैत्री पाण्याचा ग्लास ठेवून उठली. घरी येऊन तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. काही दिवसांनी तिच्या टेबलावर वाटायच्या कार्डांची नवी छपाई आली. त्यात सगळ्यात खाली एक ओळ वाढली होती, 'बाटलीचा पुनर्वापर टाळा.' व्हिडिओ कंपनीनं काढला, पण तोवर तो लोकांच्या मोबाइलमध्ये गेलेला. रविराजच्या शिफ्टच्या ग्रुपवर अजून कुणीतरी तो टाकायचं. दोन्ही पायांवर उभे धोंडीबा, भिंग, हसू. 'वाचा, मग प्या.'

एका दुपारी सोजरबाईंनी फडताळ रिकामं केलं. सगळ्या बाटल्या मोरीत आणून टाकल्या. एकेक पायाखाली घेऊन दाबायला लागल्या. बाटली चपटी व्हायची, पाय काढला की टक्क आवाज करून पुन्हा फुगायची. झाकण काढायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी अंगातला सगळा जोर लावला. बाहेर कॉटवरून आवाज आला, "टाचेवर भार दे, सोजर." त्यांनी वळून बघितलं. सांगता सांगता धोंडीबांनी आपला पाय उचलला होता, पट्ट्यांचं गाठोडं झालेला, आणि तो तसाच हवेत धरून ते त्याच्याकडे बघत होते.

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. धोंडीबांनीच तसा हट्ट धरला. विहारामागच्या हॉलमध्ये त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. त्रिसरणाला सगळे उभे राहिले तेव्हा तेही सोजरबाईंच्या खांद्यावर हात टाकून अर्धे उठले, एका पायावर डुलले आणि परत बसले. बसल्या बसल्या हात जोडून म्हणत राहिले. पांढऱ्या साडीतली मैत्री त्यांच्याकडे बघत होती. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होती. फुलं पडली, टाळ्या झाल्या.

मग वाढपी पोरं ट्रे घेऊन फिरायला लागली. ट्रेमध्ये झुळूकच्या छोट्या बाटल्या, थंडीनं घाम आलेल्या. मैत्रीनं कंपनीत सांगून आजोबांसाठी वेगळी ठेवायला लावली होती. नवा जावई स्वतः ती घेऊन आला आणि त्यांच्यासमोर वाकला.

"आबा, शून्यवाली आहे. सीलबंद. बघा वाचून."

धोंडीबांनी बाटली घेतली. हात सवयीनं खिशातल्या भिंगाकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी बाटली फिरवली, झाकण चाचपलं, परत फिरवली. कागद तोच होता. मग त्यांनी ती शेजारी बसलेल्या सोजरबाईंच्या हातात दिली.

"तू सांग," ते म्हणाले.

जावई गोंधळून हसला. "आजी, सीलबंद आहे."

सोजरबाईंनी सील तोडलं. झाकणात थोडं ओतून घेतलं आणि जिभेवर धरलं. गार होतं. गोड होतं. धोंडीबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, औषधाच्या खिडकीशी उभं राहून बघावं तसे, त्या काय सांगतात याची वाट बघत.